मागाच्या खटखटीत भरलेलं इंग्रजी

२०१६ साली मी त्रेसष्ट वर्षांचा होतो आणि धंदा गुंडाळायच्या बेतात होतो. धंदा लाऊडस्पीकरचा. बेळगावच्या शहापुरात मला मारुतीराव कुणी म्हणत नाही, माईक मारुती म्हणतात. निपाणीपासून खानापूरपर्यंत जत्रा, लग्नं, कुस्त्यांची मैदानं, निवडणुका, सगळीकडं माझे भोंगे वाजले. दोन्ही पक्षांचा प्रचार एकाच दिवशी, एकाच रिक्षातून, मराठीत आणि कन्नडात केलेला माणूस आहे मी. शाळा चौथीपर्यंत. तीसुद्धा गुरुजींना माझा कंटाळा येऊन ते मला पुढं ढकलत गेले म्हणून.

पुढं डीजे आले. छाती हादरवणाऱ्या त्या पेट्यांपुढं माझ्या भोंग्यांना कोण विचारतंय? छपरावर टांगलेल्या भोंग्यांत कबुतरांनी संसार मांडला. तो बघत चहा पीत बसायचं, एवढंच काम उरलं होतं.

ह्या अंकाच्या संपादकांनी कामाचे अनुभव मागितले तेव्हा त्यांना वाटलं असणार, हा म्हातारा लग्नांचे किस्से लिहील. ते सगळेच लिहितात. मी इंग्रजीबद्दल लिहिणार आहे. मला इंग्रजी येत नाही, आजही येत नाही. पण बेळगाव भागातल्या कॉलेजात पहिल्या वर्षाची पोरं मोबाईलवर आणि कॉम्प्युटरवर जे इंग्रजी ऐकून शिकली, त्यातला आवाज माझ्या खोलीत, माझ्या माईकवर भरलेला आहे. कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे.

सुजाता मॅडम माझ्याकडं आल्या त्या भर उन्हात, चालत. बेळगावच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या, पण कायम नव्हत्या. वर्षावर्षाला बोलावणं आलं तर नोकरी. मूळच्या सदलग्याच्या. आई-वडील दोघांनी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करून पोरीला शिकवलं. वर्गात फाडफाड इंग्रजी, आणि माझ्या उंबऱ्यावर येऊन म्हणाल्या, "आप्पा, पाणी द्या आधी, मग काम सांगते."

पाणी प्याल्या आणि काम सांगितलं. कॉलेजात एक खोली होती. ओळीनं कॉम्प्युटर, प्रत्येकाला कानाचं हेडफोन. विकत आणलेले परदेशी धडे त्यात घातलेले. गोरी माणसं विमानतळावर बोलतात, हॉटेलात खोली मागतात. पोरांनी ऐकायचं, मागनं म्हणायचं. आमच्या पोरांनी विमान बघितलं ते सांबऱ्याच्या धावपट्टीवरनं उडताना, खालनं. हेडफोन लावायची आणि गार हवेत डुलक्या काढायची.

"ती पोरं मठ्ठ न्हाईत आप्पा," मॅडम म्हणाल्या. "त्या चकचकीत आवाजापुढं त्यांचं तोंडच मिटतंय. माझं बी तसंच झालतं. आपल्यातलंच कुणीतरी बोलतंय असं ऐकलं तर वाटंल की, ह्याला जमतंय तर मला का न्हाय?"

म्हणून त्यांनी स्वतःच धडे लिहिले होते. बाजार, एसटी स्टँड, दवाखाना, बँक. चित्रं आणि चालती फिल्म त्यांचे विद्यार्थी मोबाईलवर करत होते. आवाज मात्र नीट पाहिजे होता, आणि तो आपल्याच पोरापोरींचा पाहिजे होता. विद्यापीठाची कमिटी येऊन बघणार होती. त्यांनी पसंत केलं तर धडे सगळ्या कॉलेजात जाणार. नापसंत केलं तर पुन्हा तेच परदेशी धडे विकत घ्यायचे, आणि मॅडमना पुढल्या वर्षी बोलावणं येईल याची खात्री नाही. त्यांच्या खात्याचे मोठे सर तोंडावर म्हणाले होते, "आपल्या पोरांच्या तोंडचं इंग्रजी? कोण ऐकणार?"

हे ऐकून मी ठरवलं, काम घ्यायचं. इंग्रजीसाठी नव्हे. 'कोण ऐकणार' हे वाक्य माझ्या भोंग्यांबद्दल मी त्या वर्षी फार वेळा ऐकलं होतं.

आता धंद्यातली गोष्ट सांगतो. भोंग्याचा माईक आणि आवाज भरायचा माईक यांची जात वेगळी. भोंग्याच्या माईकवर माणूस ओरडतो. भरायचा माईक कान लावून बसतो, त्याला सगळं ऐकू येतं. बाईच्या बांगड्या, कडक इस्त्रीचा शर्ट, शेजारचा कुकर, पाल चुकचुकली तर पाल. उघड्या भिंतीवर आवाज आपटून परत येतो तोही त्याला ऐकू येतो. स्टुडिओवाले भिंतीला महागडा कापूस लावतात. मी गल्लीतनं वाकळा गोळा केल्या आणि चारी भिंतींना टांगल्या. आमची मंडळी, शेवंता, दारात उभी राहून म्हणाली, "थंडीत काय पांघरायचं? इंग्रजी?"

मॅडमचं आणि माझं पहिलं भांडण पहिल्याच धड्याला झालं. मी आवाजाला एको दिला होता. जत्रेत एकोशिवाय बोललं तर लोक म्हणतात, यंत्र बिघडलंय. आवाज घुमला पाहिजे, देवळात घुमतो तसा. मॅडमनी हेडफोन लावला आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"आप्पा, हे पोरगं बँकेत पैसे भरायला गेलंय का विहिरीत पडलंय?"

"मॅडम, एकोशिवाय आवाजाला इज्जत न्हाय."

"बँकेत इज्जत नको, पावती पाहिजे. काढा ते."

काढलं. पण दोन दिवस त्यांच्याशी नीट बोललो नाही. मी तसाच आहे.

गिऱ्हाइकं एकेक भारी आली. धड्यात प्रश्न विचारायला आलेल्या एका सरांना उभं राहून, फिरत, हात हलवत बोलायची सवय. वाक्य इथं सुरू करायचे आणि खिडकीत संपवायचे. माईक एकटाच बसलेला. शेवटी त्यांच्या दोन्ही हातात मी पाण्यानं काठोकाठ भरलेले तांबे दिले. सर जागचे हलले नाहीत. पाठ एका दमात झाला आणि त्यांनी मला 'प्रोफेशनल' म्हटलं. मी अर्थ विचारला नाही, चांगलाच असणार.

पण खरा शत्रू होता माग. शहापूर म्हणजे साड्यांचं गाव. माझ्या भिंतीला भिंत लावून इराप्पाचा मागाचा कारखाना. सकाळपासून खटखट, खटखट, धोटा इकडनं तिकडं. वाकळा त्याच्यापुढं काय करणार? पण त्या उन्हाळ्यात दुपारची वीज जायची. वीज गेली की माग थांबायचे आणि सगळी गल्ली एकदम गप्प. माझं यंत्र रिक्षाच्या बॅटरीवर चालायचं. सगळं बेळगाव वीज गेली की शिव्या द्यायचं आणि आम्ही पळत सुटायचो. पोरं घामानं निथळत वाकळांच्या खोलीत बसायची. पंखा नाही, बोलताना घाम पुसायचा नाही. पुसला तर माईकला ऐकू येतो. वीज परत आली की त्या दिवसाचं दुकान बंद. जगात कुठं असं इंग्रजी भरलं असेल असं मला वाटत नाही.

सगळे धडे असे झाले. राहिला एक, मॅडमच्या मते सगळ्यात मोठा. 'माझं घर, माझं काम.' त्यात एकच मुलगी बोलणार होती, लिहून दिलेलं न वाचता, मनानं. कमिटीला हाच दाखवायचा, कारण पाठ केलेलं बोलणं आणि खरं बोलणं यातला फरक ह्याच धड्यात दिसणार होता. मुलगी होती रेणुका, आमच्या गल्लीतली, त्याच इराप्पाची नात.

पोरगी खणखणीत. मागाच्या घरातली माणसं अशीच बोलतात, खटखटीवरनं बोलायची सवय. रस्त्याच्या ह्या टोकाला बोलली तर त्या टोकाला भाजीचा भाव समजतो. कॉलेजात गेलो होतो तेव्हा वर्गाच्या गलक्यात मॅडमशी बोलताना मी तिला ऐकलं होतं. चुकायची, पण थांबायची नाही. म्हटलं, ह्या पोरीला एक फेरी पुरे.

वीज गेली. रेणुका आली, माईकसमोर बसली आणि तिचा आवाज गेला. ओठ हलतात, आतनं काही येत नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी म्हणायचो, "जोरात बोल की गं, माझ्या कानात कुजबुजतीस काय?" मॅडम म्हणायच्या, "आप्पा, ओरडू नका." कमिटी पुढल्या आठवड्यात येणार होती.

एका दुपारी ती रडायलाच लागली. शेवंतानं तिला ताक दिलं, पाठीवरनं हात फिरवला आणि विचारलं, "भ्या कशाचं वाटतंय गं? ह्या म्हाताऱ्याचं?"

"न्हाय ओ आक्का," रेणुका म्हणाली. "माग बंद झाला की मला काय सुचतच न्हाय. नुसती वीज गेली तर घरात बोलणं चालू असतंय. पण माग बंद आणि माणसं बी गप्प, म्हंजे आमच्यात कोणतरी गेलं. आजी गेली तवा आज्जानं माग बंद केलता. बाबांच्या अपघाताचा फोन आला तवा बी. गप्प झालं की मी कान देऊन बसती, आता कोण गेलं."

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. मी वाकळांकडं बघायला लागलो. त्यांच्या मनात काय आलंय ते मला दिसत होतं, आणि मला ते नको होतं.

"आप्पा, मागाच्या कारखान्यातच भरूया."

"खटखटीत? मॅडम, मी हयातभर आवाजाचा धंदा केला. खटखट घालून भरलेलं लोकांपुढं ठेवलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"धडा तिच्या घराचा हाय. घरात खटखट हाय."

"दुसरी मुलगी घ्या."

"दुसरी घेतली तर मोठे सर खरे ठरतील," त्या म्हणाल्या.

मी नाही म्हणत होतो त्याला आणखी एक कारण होतं, ते मॅडमना माहीत नव्हतं, शेवंताला होतं. इराप्पाच्या उंबऱ्यात मी कित्येक वर्षं पाय ठेवला नव्हता. गल्लीच्या गणपतीला एका वर्षी त्यानं कोल्हापुरातनं लाऊडस्पीकर मागवला. का, तर म्हणे, "मारत्याचा भोंगा कोंबडीगत वरडतोय." चारचौघांत म्हणाला. मी तेव्हा शपथ घेतली होती की ह्याच्या दारात जाईन तर खांदा द्यायलाच.

शेवंता ताकाचं भांडं घासत म्हणाली, "खांदा द्यायचा दिस कवा येतोय कुणाला ठावं. तवर पोरीचं इंग्रजी असंच वाळत पडू दे का?"

गेलो. माईक काखेत, यंत्र हातात. इराप्पा मागापाशी धोट्यातली सुताची कांडी बदलत होता. मला बघून त्यानं चष्मा वर केला.

"यावो! कोंबडी आली की वो दारात!"

मी परत फिरणार होतो, देवाशपथ. तेवढ्यात तो ओरडला, "आरं थांब की मारत्या! कोण मेलंय?"

"कोण न्हाय मेलं. तुझ्या नातीचं इंग्रजी भरायचं हाय. तुझ्या मागासकट."

"मागासकट? माझा माग इंग्रजीत जाणार?" त्यानं सगळ्या विणकरांना कन्नडात ओरडून सांगितलं, आणि सगळे हसले. मग मला म्हणाला, "माग बंद करू?"

"बंद केलास तर तंगडं मोडीन. चालू ठेव."

माईक मी रेणुकाच्या तोंडाच्या इतका जवळ धरला की खटखट मागं राहावी. एका विद्यार्थ्यानं फिल्मसाठी मोबाईल धरला, मॅडम समोर उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत प्रश्न विचारायला लागल्या. आणि पोरगी बोलली. काय बोलली ते मला अक्षरानं कळलं नाही, पण हेडफोनात तिचा आवाज असा आला, जसा गर्दीतनं आपला माणूस हाक मारत येतो. मध्येच ती मागाकडं वळली, धोट्याला हात लावून दाखवलं, हसली, चुकली, परत बोलली. इराप्पा शेजारी उभा. त्याला दोनच शब्द समजले, 'माय ग्रँडफादर,' आणि तेवढ्यावर त्यानं डोळे पुसले. मला म्हणाला, "धूळ हाय."

सगळं झाल्यावर मी सगळ्यांना गप्प बसवलं आणि नुसत्या मागाची खटखट भरून घेतली. हे धंद्यातलं आहे. मधलं एखादं वाक्य कापलं तर त्या जागी भोक पडतं आणि ऐकणाऱ्याचा कान अडखळतो. भोकात तीच खटखट भरली की ठिगळ दिसत नाही.

कमिटी आली त्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये मी माझेच स्पीकर लावले. कॉलेजच्या स्पीकरवर माझा विश्वास नाही. धुतलेला शर्ट घातला होता. इराप्पा पटका बांधून माझ्या शेजारी येऊन बसला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण त्याचा माग तिथं होता, म्हणून आला म्हणाला.

पडद्यावर धडा लागला. रेणुका, माग, खटखट. कमिटीतले एक सुटाबुटातले सर कपाळाला आठ्या घालून बघत होते. संपल्यावर ते मॅडमना म्हणाले, आणि ते मराठीत म्हणाले म्हणून मला समजलं, "गोंगाट फार आहे, पण ते सोडा. यंत्रावर दहा वेळा भरून एक वाक्य नीट करता येतं. ही मुलगी खरंच बोलते का? तुमच्या धड्यानं मुलं बोलायला लागतात हे आम्ही कशावरून मानायचं?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मीच त्यांच्या जागी असतो तर विचारला असता.

"बोलवा तिला," कमिटीतल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या.

रेणुका स्टेजवर माईकपुढं आली. सगळा हॉल गप्प, कुणी खोकलंसुद्धा नाही. त्या गप्पपणात तिचा चेहरा मी बघितला आणि मला कळलं, हिला माग बंद झालेला ऐकू येतोय. सरांनी पहिला प्रश्न विचारला. तिचे ओठ हलले, आतनं काही येईना. मोठे सर छताकडं बघत होते. मॅडमनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

नुसत्या मागाची भरलेली खटखट माझ्यासमोर यंत्रात होती. मी बटण सुरू केलं आणि आवाजाची पट्टी अगदी थोडी वर सरकवली. लोकांना वाटलं असेल, पंखा असेल, नाहीतर बाहेर काहीतरी चालू असेल. आणखी थोडी सरकवली. खटखट, खटखट, लांबून.

रेणुकाचे खांदे खाली आले. तिनं श्वास घेतला.

"माय नेम इज रेणुका," ती म्हणाली, आणि मग थांबेना. सर विचारत गेले, ती सांगत गेली. कुठंतरी अडखळली, स्वतःच दुरुस्त केलं, हात हलवून माग दाखवला. त्या वयस्कर बाई पुढं झुकून ऐकायला लागल्या आणि मध्येच हसल्या. मी पट्टीवर बोट ठेवून बसलो होतो. हयातभर मी आवाज वाढवला. गर्दीतनं लोक ओरडायचे, 'मारुती, वाढीव!' त्या दिवशी मी तो कमी केला. केसाएवढा. मग आणखी केसाएवढा. पट्टी तळाला टेकली. स्पीकरमध्ये काहीच नव्हतं आणि रेणुका बोलत होती.

इराप्पानं मला कोपर मारलं. सगळ्या हॉलात त्याला एकट्यालाच समजलं होतं. कानाशी येऊन म्हणाला, "मारत्या, माग का रं बंद केलास?"

"गप. नात बोलतीया, ऐक."

धडे पसंत झाले. सगळ्या कॉलेजात जायचं ठरलं, आणि वयस्कर बाईंनी सांगितलं की मागाचा धडा आहे तसाच ठेवायचा, खटखटीसकट. मोठ्या सरांनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. मोठी माणसं हुशार असतात. मॅडम माझ्याकडं आल्या. 

"आप्पा, तुम्ही काय केलासा?"

"काय न्हाय. जरा आवाज कमी केला."

पुढं दोन वर्षांनी मॅडम दुसऱ्या गावी कायम झाल्या. चांगलं झालं. पण माझ्याशी असं भांडणारं माणूस परत मिळालं नाही, हे खरं.

त्या दिवशी हॉलमध्ये वायरी गुंडाळत होतो तेव्हा एक मुलगी घुटमळत जवळ आली. लोंढ्याहून रोज गाडीनं येते म्हणाली, बाप तिथं फलाटावर वडे विकतो. तिच्या धड्यात तिला बोलता आलं नव्हतं, म्हणून मॅडमनी तो दुसऱ्या मुलीकडनं करून घेतला होता.

"आप्पा, आमच्या लोंढ्याचा आवाज भरता येतोय काय?"

मी तिला 'बघू' म्हटलं. मी सगळ्यांना तसंच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं मी लोंढ्याला गेलो. यंत्र पिशवीत, माईक धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. फलाटाच्या मध्यावर बाकड्यावर बसलो. समोरनं एक माणूस वड्यांचं टोपलं घेऊन आला, माझ्याकडं आणि माईककडं बघत उभा राहिला.

"काय भरतासा, आज्जा?"

"तुझा आवाज."

"मग जोरात वरडू?"

"न्हाय. रोज वरडतोस तसा वरड," मी म्हटलं आणि हेडफोन कानाला लावला.